मंदीत सरकारने हात सैल का सोडायचा? एका निवृत्त लेखाधिकाऱ्याचे उत्तर

गोव्यातील डिचोलीच्या बाजारात हार्डवेअरचे दुकान चालवणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : “धंदा बसला की आम्ही आधी खर्चाला आवर घालतो. सरकार मात्र मंदी आली की कर्ज काढून खर्च वाढवते आणि जाणकार त्यालाच शहाणपण म्हणतात. हे ऋण काढून सण साजरा करणे नव्हे काय? आणि तो पैसा शेवटी ठेकेदारांच्याच खिशात जाणार असेल, तर आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग कोणता?”

मी अर्थतज्ज्ञ नाही. गोवा सरकारच्या लेखा सेवेत एकतीस वर्षे काढून २०२१ साली निवृत्त झालो. त्यातली निम्मी वर्षे बांधकामाच्या विभागीय कार्यालयांत ठेकेदारांची बिले तपासण्यात गेली आणि उरलेली अर्थसंकल्पाच्या कामात. त्यामुळे माझे उत्तर फाईलच्या बाजूने येईल, ते तसेच वाचावे.

तुमच्या पत्रात दिसायला दोन प्रश्न आहेत, पण माझ्या मते खरा प्रश्न तिसराच आहे. मंदीत सरकारने खर्च करावा की करू नये, यावर फारसे भांडण उरलेले नाही. भांडण आहे ते कोणत्या सरकारने, कोणत्या जातीच्या मंदीत, कोणत्या महिन्यात आणि कशावर खर्च करावा याचे. त्यातही ‘कोणत्या महिन्यात’ हा मुद्दा वर्तमानपत्रांत कधी येत नाही आणि माझ्या अनुभवात सगळे गणित तिथेच बिघडते.

आधी घर आणि सरकार यांतला फरक पाहू. तुम्ही खर्च आवरता तेव्हा तुमचे उत्पन्न त्यामुळे कमी होत नाही, कारण तुमचे गिऱ्हाईक वेगळे आणि तुम्ही ज्याच्याकडे खरेदी करता तो वेगळा. पण डिचोलीतल्या प्रत्येकाने एकाच महिन्यात हात आखडला, तर तुम्ही न घेतलेला सदरा हे कापडवाल्याचे बुडालेले उत्पन्न आणि त्याने पुढे ढकललेली घराची डागडुजी हे तुमचे बुडालेले उत्पन्न. प्रत्येक जण शहाणपणाने वागतो आणि सगळे मिळून गाळात जातात. १९३०च्या दशकातील महामंदीत केन्स यांनी हेच मांडले होते. सगळी गिऱ्हाइके मागे सरलेली असताना बाजारात उभे राहण्याची ऐपत एकाच गिऱ्हाइकाकडे असते आणि ते म्हणजे सरकार. आपल्या मराठी मुलखाने हे पुस्तकातून नव्हे, १९७२च्या दुष्काळातून शिकून घेतले. महाराष्ट्रात तेव्हा लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव खणायला कामावर आली, कारण पिकाबरोबर मजुरी बुडाली होती आणि हातात पैसा नसल्याने मिळेल ते धान्यसुद्धा विकत घेता येत नव्हते. वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना त्याच अनुभवावर पक्की झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

तुमच्या मनात लगेच येईल की सरकारने कर्ज उचलले तर व्यापाऱ्याला बँक कर्ज कुठून देणार? तेजीच्या दिवसांत ही शंका रास्त आहे. मंदीत मात्र बँकांकडे पैसा पडून असतो आणि घ्यायला कोणी धजत नाही. गोव्यात तर ठेवींच्या मानाने कर्जे एरवीही फार कमी उचलली जातात. परदेशी असलेल्यांच्या आणि तारवटींच्या (जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या) घरांतून आलेल्या ठेवींचे ते लक्षण आहे. असा निपचित पडलेला पैसा रोख्यांच्या रूपाने सरकारने वापरला, तर मंदी आहे तोवर कोणाच्या तोंडचा घास जात नाही. ‘मंदी आहे तोवर’ हे शब्द लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता मंदीची जात. माझ्या नोकरीत गोव्याने तीन मोठ्या मंद्या पाहिल्या आणि तिन्हींना एकच औषध लागू पडले नसते.

पहिली २००८ची. अमेरिकेतील बँका कोसळल्या, जगभरची मागणी आटली, त्यात नोव्हेंबरातील मुंबईवरच्या हल्ल्यानंतर विदेशी पर्यटकही बिचकले. ही शुद्ध मागणीची मंदी होती. केंद्राने डिसेंबर २००८ ते फेब्रुवारी २००९ या काळात तीन हप्त्यांत उपाय केले : उत्पादन शुल्क १४ टक्क्यांवरून आधी १० आणि मग ८ टक्क्यांवर आणले, सेवा कर १२ वरून १० टक्के केला आणि राज्यांना नेहमीच्या मर्यादेपेक्षा थोडे अधिक कर्ज उचलू दिले. पण गोव्याचा खाणपट्टा वर आला तो मुख्यतः याने नव्हे. नोव्हेंबर २००८मध्ये चीनने ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर करून रस्ते, रेल्वे आणि इमारतींचा धडाका लावला, त्यासाठी पोलाद लागले आणि पोलादासाठी आपले खनिज लागले. पुढच्या दोन वर्षांत गोव्याची खनिज निर्यात उच्चांकाला पोहोचली आणि तिचा बहुतांश भाग चीनलाच गेला. म्हणजे पेइचिंगने काढलेल्या पैशाची गळती सत्तरी तालुक्यातल्या ट्रकवाल्याच्या अंगणात पडली. त्या भरभराटीच्या पाठोपाठ काय आले हे तुम्हांला, डिचोलीकराला, मी सांगायला नको. पण हे उदाहरण ध्यानात असू द्यावे, कारण जी गळती तेव्हा आपल्या बाजूने आली, तीच आपण खर्च करतो तेव्हा आपल्या विरुद्ध जाते.

दुसरी मंदी खाणबंदीची. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१४ साली वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत वाट मोकळी झाली आणि ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द होऊन १६ मार्चपासून पुन्हा सारे थंडावले. ही मागणीची मंदी नव्हती. खनिजाला गिऱ्हाईक होते, काढण्याची परवानगी नव्हती. अशा वेळी सरकारने कितीही पैसा ओतला तरी बार्जमध्ये खनिज भरले जात नाही. तेव्हा जो खर्च होतो तो खरे तर दिलासा असतो : माणसाला दुसरा धंदा सापडेपर्यंत त्याची चूल पेटती ठेवणे आणि ट्रकच्या हप्त्यापायी घर जाऊ न देणे. खाणग्रस्त कर्जदारांसाठी राज्याने कर्जसवलतीची योजना आणली ती याच हेतूने. तो खर्च आवश्यक होता, परंतु त्याने धंदा पुन्हा उभा राहील ही अपेक्षाच चुकीची होती. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या टिपणांत दिलासा आणि चालना हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरलेले असत. ही नुसती शब्दांची गफलत नव्हे, कारण दिलाशाला शेवटची तारीख ठरवावी लागते आणि चालनेला सुरुवातीची.

तिसरी मंदी महामारीची. २०२०च्या उन्हाळ्यात लोकांच्या हातात पैसा दिला असता तरी कळंगुटचे हॉटेल भरले नसते, कारण बाहेर पडणेच बंद होते. तिथे क्रम महत्त्वाचा होता : आधी पोट, मग बाजार. माणशी ५ किलो मोफत धान्य, जनधन खात्यांवर महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये, रोजगार हमीसाठी मूळ ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी रुपये, हा पहिला टप्पा योग्यच होता. मे महिन्यात जाहीर झालेल्या २० लाख कोटींच्या आकड्याविषयी मात्र मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला सांगतो : यातले तिजोरीतून प्रत्यक्ष किती गेले आणि हमी किंवा कर्ज म्हणून किती? उदाहरणार्थ, लघुउद्योगांसाठीचे ३ लाख कोटी ही बँकांनी द्यायच्या कर्जाला दिलेली सरकारी हमी होती. हमी बुडणाऱ्याला तगवून धरते, ते मोठे काम आहे. पण ती गिऱ्हाईक आणून देत नाही.

आता गळतीचा हिशेब. गोवा लहान आहे आणि त्याच्या सीमा बाजाराला नाहीत. भाजी बेळगावची, दूध बरेचसे शेजारच्या राज्यांतले, सिमेंट आणि लोखंड घाटापलीकडचे, फ्रीज आणि मोबाईल त्याहूनही दूरचे. समजा सरकारने १०० रुपये खर्च केले आणि ज्याच्या हाती ते पडले त्याने बचत आणि कर यांत ४० घालवून ६० रुपये बाजारात खर्चले, पुढच्याने त्याचे पुन्हा साठ टक्के खर्चले, असे चक्र चालले, तर देशभरात मिळून उत्पन्न २५० रुपयांनी वाढते. पण गोव्यात त्या ६० मधले ३० रुपये पहिल्याच खरेदीत राज्याबाहेर गेले, तर राज्यापुरते हे चक्र १४३ रुपयांवर थांबते. हेही सुरुवातीचे शंभरच्या शंभर रुपये गोमंतकीयाच्या हाती पडले असे धरून. मोठ्या पुलाचे काम असेल, पोलाद, यंत्रे आणि कंपनी सारेच बाहेरचे असेल आणि पहिल्या शंभरातले तीसच इथे राहिले असतील, तर राज्याच्या पदरात ४३ रुपये पडतात. उलट खाजनातल्या (खाडीकाठच्या शेतजमिनीतल्या) बांधाची दुरुस्ती घ्या. चिखल तिथलाच, चिरे जवळच्या खाणीचे, मानशीचे (बांधातल्या पाण्याच्या झडपेचे) दार करणारा सुतार गावातला, मजूर शेजारच्या वाड्यावरचे. शंभरातले ऐंशी इथे राहिले तर ११४ रुपये होतात, आणि खारे पाणी शेतात शिरायचे थांबते तो लाभ वेगळाच. हे आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत, पण त्यांचा परस्परांशी असलेला क्रम प्रत्यक्षातही असाच लागतो.

याचा अर्थ पूल बांधू नयेत असा नाही. मांडवीवरचा सुमारे पाच किलोमीटरांचा अटल सेतू २०१९ साली खुला झाला. पणजीच्या कोंडीत रोज अडकणाऱ्याला त्याचा उपयोग कोणी पटवून द्यायला नको. पूल वाहतुकीसाठी बांधावा. मंदीवरचा उतारा म्हणून त्याच्याकडे पाहिले तर हिशेब चुकतो. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेच्या २०१३ सालच्या अभ्यासात भारतात भांडवली खर्चाच्या एका रुपयामागे उत्पन्न सुमारे २.४५ रुपयांनी आणि थेट मदतीच्या एका रुपयामागे जवळपास एक रुपयाने वाढते असा अंदाज निघाला होता. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत. राज्याच्या अर्थसंकल्पावर बोलताना ते जसेच्या तसे फेकणाऱ्यांनी गळती विसरू नये. शिवाय गुणक, म्हणजे एका रुपयाच्या खर्चामागे उत्पन्न किती रुपयांनी वाढते तो आकडा, हा काही निसर्गनियम नव्हे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मुख्य अर्थतज्ज्ञांनी २०१२ साली कबूल केले की युरोपातील काटकसरीचे परिणाम मोजताना गुणक सुमारे ०.५ धरला गेला होता, प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ च्या दरम्यान निघाला. म्हणजे खोल मंदीत सरकारने हात आखडल्याचे नुकसान कागदावर दिसले त्यापेक्षा कितीतरी अधिक झाले.

बांधकामावरचा गदग-कोप्पळकडचा किंवा झारखंडचा मजूर आपली मजुरी गावी पाठवतो, यालाही काही लोक गळती म्हणतात. राज्याच्या हिशेबात ती आहेच. देशाच्या हिशेबात मात्र तो पैसा ज्या गावी जातो तिथेही मंदीच असते आणि बहुधा इथल्याहून वाईट असते. म्हणूनच मंदीत कर्ज काढण्याचे मुख्य काम केंद्राचे असावे असे माझे मत आहे. केंद्राची गळती देशातच राहते, राज्याची सीमेपलीकडे जाते आणि व्याज मात्र राज्याच्याच बोडक्यावर बसते. शिवाय केंद्राचे देणे असलेल्या राज्याला घटनेच्या अनुच्छेद २९३ प्रमाणे केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्ज उचलता येत नाही. मंदीत राज्याचे उत्पन्न नेमके तेव्हाच आटते जेव्हा खर्चाची गरज वाढते, आणि पगार, पेन्शन, व्याज हे थांबवता येत नसल्याने पहिली कात्री भांडवली कामांना लागते. अर्थसंकल्पाच्या टेबलावर बसून मी ती कात्री चालताना पाहिली आहे. ज्या वर्षी काम काढायला हवे त्याच वर्षी काम थांबवण्याचे परिपत्रक निघते. २०२०मध्ये राज्यांची कर्जमर्यादा सकल राज्य उत्पन्नाच्या ३ वरून ५ टक्क्यांवर नेली, पण त्या वाढीचा मोठा भाग सुधारणांच्या अटींशी बांधला. त्याहून उपयोगी ठरले ते ऑक्टोबर २०२०मध्ये आलेले पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज, जे फक्त भांडवली कामांसाठी होते. सुरुवात अवघ्या १२,००० कोटींनी झाली. २०२२-२३ मध्ये ती तरतूद १ लाख कोटींवर गेली. उपाय बरोबर होता, मात्रा मिळेपर्यंत ताप बराचसा उतरला होता.

इथून मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो, महिन्याकडे. एखादे मध्यम आकाराचे काम घ्या. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि खर्चाची मंजुरी, ई-निविदा, तिची छाननी, वर्क ऑर्डर. माझ्या अनुभवात यात सहा ते नऊ महिने सहज जात. त्यावर गोव्याचा पावसाळा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत हॉटमिक्स डांबरीकरण नाही, मातीकाम नाही, पायाखोदाई नाही. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, म्हणजे मान्यता मिळेपर्यंत पाऊस, पाऊस संपून काम उभे राहीपर्यंत डिसेंबर, आणि मग ३१ मार्चला तरतूद रद्द होणार म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याच्या प्रत्येक विभागात मार्चअखेरीची झुंबड. जूनमध्ये जाहीर झालेल्या ‘प्रोत्साहना’चा पहिला रुपया मजुराच्या हातात पडतो तो पुढच्या वर्षी. तोवर मंदी सरलेली असते किंवा दुकान बंद पडलेले असते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

मग लवकर पोहोचणारा पैसा कोणता? माझे उत्तर ऐकून मंत्र्यांना आनंद होणार नाही, कारण त्याला फीत कापता येत नाही : थकलेली बिले फेडणे.

खाणबंदीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. मी तेव्हा एका विभागीय कार्यालयात होतो. सत्तरीतल्या एका रस्त्यालगत चिऱ्यांची संरक्षक भिंत आणि गटार बांधलेल्या लहान ठेकेदाराचे बिल आठ महिने पडून होते. काम झालेले, एमबीत (मोजमापाच्या वहीत) मापे चढलेली, अभियंत्याची सही झालेली, फक्त निधी नाही म्हणून फाईल फिरत होती. खोटे कशाला बोलू, त्यातले काही आठवडे ती माझ्याही टेबलावर होती. अखेर कपाती जाऊन ११ लाख रुपये त्याला मिळाले, त्या दिवशी तो आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून बिलाच्या झेरॉक्सच्या पाठीवर कोणाचे किती ते लिहीत होता. मी सहज डोकावलो. चिरेखाणवाल्याचे २ लाख ४०, मुकादमाच्या टोळीचे २ लाख ६०, सिमेंट-लोखंडाची उधारी २ लाख १०, टिपरवाल्याचे १ लाख ८०, बँकेचा ओव्हरड्राफ्ट व्याजासह १ लाख ३०. उरले ८० हजार. त्यातला टिपरवाला मूळचा खनिजवाहतूक करणारा, खाणी बंद पडल्यावर चिरे वाहू लागलेला आणि तीन हप्ते थकलेला होता. संध्याकाळच्या आत त्याचे पैसे पोहोचले होते, कारण तो कार्यालयाच्या फाटकाबाहेर ट्रक उभा करून थांबलाच होता.

त्या कागदावरची उधारीची ओळ तुमच्यासारख्याच एका दुकानदाराची होती. ठेकेदाराच्या खिशात काय राहते, याचे माझ्याकडचे उत्तर तो कागद आहे. ११ लाखांतून ८० हजार, तेही आठ महिन्यांनी. हे सगळ्या ठेकेदारांचे चित्र नव्हे, हेही मला मान्य आहे. आपसांत ठरवून भरलेल्या निविदा मी पाहिल्या आहेत, अंदाजपत्रकाच्या तीस टक्के खाली दर भरून मग सिमेंट चोरणारेही पाहिले आहेत. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते अशी अवस्था जिथे असते तिथे खर्च वाढवून पीठच अधिक जाते. पण त्यावरचा इलाज दळणे थांबवणे नव्हे. आणि एक गोष्ट अनुभवाने सांगतो : सरकार जितके उशिरा पैसे देते, तितके उशीर सोसू शकणारे आणि उशिराची किंमत दरात आधीच चढवणारे ठेकेदार टिकतात, सरळ माणूस दोन कामांत मोडतो.

थकलेल्या बिलांनंतर दुसरा क्रम मी दुरुस्तीला देईन, आणि इथे हिशेबाची एक मेख आहे. नवा रस्ता ५०५४ या भांडवली शीर्षाखाली जातो, जुन्या रस्त्याची डागडुजी ३०५४ या महसुली शीर्षाखाली. त्यामुळे ‘भांडवली खर्च चांगला, महसुली खर्च वाईट’ हा अर्थसंकल्पीय चर्चेतला लाडका नियम लावला की शाळेचे छप्पर, बांध, गटारे, नळाची जुनी वाहिनी, हे सारे वाईटाच्या रकान्यात पडते. प्रत्यक्षात दुरुस्तीला जमीन संपादन लागत नाही, परवानग्या कमी लागतात, गावचा गवंडी ती करू शकतो आणि पैसा आठवड्यात फिरतो. प्रत्येक खात्याने अशा तयार कामांची यादी, अंदाजपत्रके मंजूर करून, तेजीच्या दिवसांतच कपाटात ठेवावी हे मी नोकरीत तीनदा लिहून दिले होते. दरवेळी ‘नोंद घेतली’ असा शेरा आला.

तिसरा मार्ग थेट खात्यात पैसे. गोव्याला इथे एक सोय आहे : गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांची आणि वृद्ध, विधवा व दिव्यांगांसाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या २,००० रुपयांची यादी आधीच तयार आहे. संकटाच्या महिन्यात या यादीवर एक जादा हप्ता सोडायला निविदा लागत नाही, पाऊस आड येत नाही आणि ज्या घरांत तो जातो तिथे तो बचतीत पडून राहत नाही. नेहमीचे हप्ते रखडू न देणे हेही प्रोत्साहनच आहे, आणि मंदीत नेमके तेच रखडतात. धोका दुसऱ्या टोकाला आहे. जादा हप्ता एकदाचाच आहे हे सांगण्याचे धैर्य लागते. तात्पुरती म्हणून आलेली योजना निवडणुकीच्या आधी कोणी बंद केल्याचे माझ्या आठवणीत नाही.

करसवलतीवर किंवा खरेदीच्या कुपनांवर मी फार विसंबणार नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांना प्रवास सवलतीऐवजी रोख रक्कम मिळाली, अट अशी की तिकिटाच्या मानलेल्या भाड्याच्या तिप्पट खरेदी १२ टक्के किंवा अधिक जीएसटी असलेल्या वस्तूंची आणि ती ३१ मार्चपूर्वी. माझ्या मेहुण्याने त्यात घेतलेला फ्रीज तो दिवाळीला घेणारच होता. मडगावच्या दुकानदाराला कमिशन मिळाले, बाकी रक्कम कारखान्याच्या गावी गेली.

आता ते ‘मंदी आहे तोवर’. ऋण काढून सण हा तुमचा आक्षेप खरा ठरतो तो सण संपल्यावरही मांडव उभा राहिला तर. २००७-०८ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के होती. पुढच्याच वर्षी ती ६ टक्क्यांवर गेली आणि त्याच्याही पुढच्या वर्षी तिथून खाली आली नाही. त्यात मंदीवरचे उपाय होते, तसेच शेतकऱ्यांची कर्जमाफी आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकीही होती, जी मंदीआधीच ठरलेली होती. ८ टक्क्यांवर आणलेले उत्पादन शुल्क २०१० साली १० टक्के आणि पुन्हा १२ टक्के व्हायला २०१२ उजाडले. मधल्या काळात २००९चा दुष्काळही आला आणि किरकोळ महागाई दोन आकड्यांत गेली. ती तुमच्या दुकानात लोखंडाच्या दरातून आणि घरात डाळीच्या दरातून तुम्ही भरली. उलट घाईचीही किंमत असते. अमेरिकेने १९३७ साली मंदी सरली असे समजून खर्च आखडला आणि वर्षाच्या आत पुन्हा आपटी खाल्ली. माघार कधी घ्यावी याचे सूत्र माझ्याकडे नाही. नोकऱ्या, बँकांची कर्जउचल आणि महागाई या तिन्हींकडे एकत्र पाहावे लागते आणि त्यांचे आकडे नेहमी उशिरा येतात.

मात्र काय सुरू करावे हे माघारीच्या सोयीने ठरवता येते. फेडलेले बिल आणि दुरुस्त केलेला बांध आपोआप संपतो. नवे महामंडळ, नवी पदे आणि दरमहाचा नवा भत्ता संपत नाही. मी वर जो क्रम लावला तो याही कारणाने.

शेवटी, यातले खरे किती हे तुमच्यासारख्याने ओळखावे कसे? अर्थसंकल्पाच्या दिवशीचा आकडा बघू नका, तो इरादा असतो. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत त्याच कामासमोर सुधारित अंदाज आणि त्याच्याही पुढच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च छापलेला असतो. हे तीन आकडे शेजारी ठेवा. प्रत्यक्ष खर्चातही मार्चमध्ये एखाद्या महामंडळाच्या खात्यावर वळवून ठेवलेली रक्कम असू शकते, जी पुस्तकात खर्च झालेली दिसते आणि बँकेत पडून असते. आणि त्याहून सोपा पुरावा तुमच्या गल्ल्याखालच्या उधारीच्या वहीत आहे. सरकारी काम करणाऱ्या ठेकेदारांची नावे त्यात वेगळी काढा आणि माल नेल्याची व पैसे आल्याची तारीख यांत किती दिवस गेले ते मांडा. हे अंतर नव्वद दिवसांवरून दोनशेवर जात असेल, तर जाहीर झालेला आकडा कितीही मोठा असो, त्या वर्षी सरकारने हात सैल सोडलेला नाही.